बत्तीस पुतळ्या आणि एक चादर

उज्जैनला मुहूर्तांची टंचाई कधीच नव्हती. भारतीय ज्योतिर्गणिताची मध्यरेखा याच गावातून जाते, सवाई जयसिंगांची वेधशाळा इथे शिप्रेकाठी उभी आहे, आणि २९ फेब्रुवारी २०२४ ला गावात विक्रमादित्य वैदिक घड्याळाचं उद्घाटनही झालं. हे घड्याळ एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतच्या दिवसाचे तीस मुहूर्त दाखवतं. म्हणजे रोज तीस मुहूर्त येतात आणि निघून जातात. तरीही गावातल्या बऱ्याच घरांत एका कामाचा मुहूर्त काही लागत नाही, आणि ते काम म्हणजे ऑनलाइन दुकान काढणं.

कारण त्याआधी फ्रेमवर्क ठरायचं असतं.

फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा आयता सांगाडा. गिऱ्हाइकाचं लॉगिन, मालाची नोंद, मागितलेलं पान समोर आणणं ही कामं दर वेबसाइटला तीच ती असतात. कोणीतरी ती एकदा नीट लिहून ठेवली आणि जगाला वापरायला दिली. हेतू एवढाच, की पुढच्याचा वेळ वाचावा. तो वाचतोही. वाचलेला वेळ मग कुठलं फ्रेमवर्क घ्यावं या चर्चेत खर्ची पडतो.

नमुन्यादाखल फ्रीगंजातलं एक मराठी घर घ्यावं. नावगाव नको, शिंद्यांच्या काळापासून इथे राहिलेल्या मराठी कुटुंबांत असं घर कुठेही सापडेल. घरात एक आत्या आहेत, शाळेतून निवृत्त झालेल्या. भेरूगढच्या छिप्यांकडून बाटिकच्या चादरी आणि साड्या आणायच्या आणि पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांत, भिशीत, हळदीकुंकवात विकायच्या, हा त्यांचा उद्योग. आतोबा बँकेतून निवृत्त. त्यांना माल कळत नाही पण हिशेब कळतो. आणि एक भाचा आहे, इंदूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. शनिवारी येतो, सकाळी पोहे-जिलबी खातो आणि दुपारी लॅपटॉप उघडतो.

आत्यांची मागणी स्वच्छ होती. “अरे, एक साइट करून दे. चादर दिसली पाहिजे, भाव दिसला पाहिजे, पैसे खात्यात आले पाहिजेत. बस, इतकंच.”

सॉफ्टवेअरच्या धंद्यात इतकी सुटसुटीत मागणी क्वचित ऐकायला मिळते. मोठमोठ्या कंपन्या सल्लागार नेमून सहा महिन्यांत जे लिहून काढतात, ते आत्यांनी कांदा चिरता चिरता सांगून टाकलं होतं.

“करतो ना आत्या,” भाचा म्हणाला. “आधी स्टॅक ठरवू.”

“स्टॉक आहे की. कपाट भरलंय.”

इथून पुढे या घरात जे सुरू झालं ते समजायला सिंहासन बत्तिशी आठवावी लागते. विक्रमादित्याचं जुनं सिंहासन भोजराजाला सापडतं. तो त्यावर बसायला जातो, तर सिंहासनावरची एक पुतळी त्याला अडवते. म्हणते, राजा, थांब. आधी विक्रमाची गोष्ट ऐक आणि मग सांग, तुझी लायकी आहे का. गोष्ट संपते, राजा पुन्हा पाऊल उचलतो, की दुसरी पुतळी बोलू लागते. अशा बत्तीस. महाकाल मंदिराजवळच्या विक्रम टेकडीवर या पुतळ्या मूर्तिरूपात उभ्याही केल्या आहेत. येणारेजाणारे त्यांच्यासोबत सेल्फी काढतात. भाच्याच्या लॅपटॉपवर त्या बोलत होत्या.

पहिली पुतळी जँगो. हिचा जन्म अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स नावाच्या गावी, तिथल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. २००३ च्या सुमारास एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे दोघे तिथे कामाला होते. संपादक सकाळी यायचा आणि संध्याकाळपर्यंत वेबसाइटवर नवा विभाग मागायचा. त्या घाईतून या दोघांनी जे हत्यार घडवलं ते २००५ मध्ये जगापुढे आलं. नाव ठेवलं गिटारवादक जँगो राइनहार्टवरून. आगीत हात भाजल्यामुळे हा कलावंत डाव्या हाताच्या मुख्यतः दोन बोटांवर सूर काढायचा. दोन बोटांनी टंकलेखन करून अग्रलेख पाडणाऱ्या आपल्याकडच्या उपसंपादकांना ही जवळीक आवडायला हरकत नाही. पायथॉन भाषा येत असेल तर बस, म्हणाली पुतळी. भाच्याला पायथॉन येत होतं. तरी तो उठला, कारण दुसरी बोलू लागली होती.

ती रेल्स. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या डॅनिश गृहस्थानं बेसकॅम्प नावाचं एक काम-व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि त्यातून रूबी भाषेतला सांगाडा वेगळा काढून २००४ मध्ये वाटून टाकला. पुढच्या वर्षी त्यानं एक चित्रफीत केली: पंधरा मिनिटांत ब्लॉग. त्या चित्रफितीनं जगातल्या कितीतरी भाच्यांचं आयुष्य बदललं. पंधरा मिनिटांत ब्लॉग होतो, हे सगळ्यांनी पाहिलं. सोळाव्या मिनिटाला त्या ब्लॉगवर काय लिहायचं, हे त्यात नव्हतं.

लाराव्हेल २०११ ची. टेलर ऑटवेल यांनी ती घडवली आणि नाव घेतलं नार्नियाच्या गोष्टींतल्या केअर पॅराव्हेल या राजवाड्यावरून. रिअॅक्ट फेसबुकच्या घरची, २०१३ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली. ती मुळात ‘मी फ्रेमवर्क नाहीच, मी तर लायब्ररी’ असं सांगून बसली आणि वर सिंहासनावरचा हक्कही सोडेना. अँग्युलर गूगलची. २०१६ मध्ये तिनं नाव जवळपास तेच ठेवून आतला सगळा संसार बदलला, तेव्हा जुनीवर ज्यांनी दुकानं थाटली होती ते हात चोळत बसले. फ्लास्कची कथा तर अशी, की आर्मिन रोनाखर यांनी २०१० च्या १ एप्रिलला थट्टा म्हणून एक एवढंसं फ्रेमवर्क सोडलं. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं, की त्यातून खरं फ्लास्क उभं राहिलं. आज ते मोठ्या कामांत वापरलं जातं. एप्रिल फूल इतक्या वर्षांनीही उतरलेलं नाही.

भाच्यानं एक तक्ता केला. उभ्या रकान्यात फ्रेमवर्कं, आडव्यात गुण: वेग, सुरक्षितता, शिकायला सोपं, नोकरीच्या बाजारात भाव. हा शेवटचा रकाना आत्यांच्या तीन मागण्यांत कुठे बसतो, ते आतोबांनी विचारलं. उत्तर मिळालं नाही, पण ते रकान्यातच होतं. भाचा पुढच्या वर्षी कंपनी बदलणार होता. आत्यांची चादर कुठल्याही सांगाड्यावर विकली गेली असती. भाच्याचा बायोडेटा कुठल्याही सांगाड्यावर विकला गेला नसता. फ्रेमवर्क निवडीचे जगभरचे निम्मे वाद याच कारणानं लांबतात आणि वादात हे कारण कोणी उच्चारत नाही.

तक्त्यानं भागेना म्हणून मग करून पाहायचं ठरलं. या पंथात करून पाहायची गोष्टही ठरलेली आहे: कामांची यादी. टूडूएमव्हीसी नावाचा एक प्रकल्प आहे. त्यात तीच ती यादी निरनिराळ्या फ्रेमवर्कांत लिहून ठेवली आहे, म्हणजे निवडणाऱ्याला तुलना करता यावी. काम लिहा, खूण करा, खोडा. पृथ्वीच्या पाठीवर एवढ्या हुशार माणसांनी इतक्या वेळा एवढी छोटी गोष्ट दुसरी कुठली केली नसेल. भाच्यानंही केली. रिअॅक्टमध्ये केली, व्ह्यूमध्ये केली, स्व्हेल्टमध्ये केली. तिन्ही याद्यांत पहिलं काम एकच होतं: ‘आत्याची साइट’. तिन्हींत त्यापुढे खूण नव्हती.

मधल्या काळात आत्या व्हॉट्सअॅपवर चादरीचे फोटो टाकत होत्या आणि चादरी जात होत्या.

“आत्या, हे टिकाऊ नाही,” भाचा म्हणाला. “उद्या स्केल करावं लागलं तर?”

“म्हणजे काय करावं लागलं तर?”

“म्हणजे एकदम लाखभर गिऱ्हाईक आलं तर?”

लाखांच्या गर्दीचं भय उज्जैनकराला घालू नये. २०१६ च्या २२ एप्रिलपासून २१ मेपर्यंत या गावानं सिंहस्थ निभावला. वैशाखात गावात पाय ठेवायला जागा नव्हती आणि फ्रीगंजातल्या या घरातही पाहुणे गच्चीवर झोपले होते. पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. आत्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, “लाख आले तर चादरी कुठून आणू? भेरूगढात तेवढे हात नाहीत.” स्केलिंगच्या प्रश्नाचं यापेक्षा नेमकं उत्तर कुठल्या परिषदेत मिळालं असेल असं वाटत नाही. हातानं बनणाऱ्या वस्तूच्या दुकानाला सर्व्हरच्या आधी रंगाची कढई अपुरी पडते.

शिवाय हे भय तसं निराधारच. इन्स्टाग्राम जँगोवर वाढलं. शॉपिफाय आणि गिटहब रेल्सवर. विकिपीडिया पीएचपीवर चालतो आणि पीएचपी ही ती भाषा, जिला दर दोन वर्षांनी कोणीतरी मृत घोषित करतं. रास्मुस लेर्डोर्फ यांनी ती १९९५ मध्ये सोडली तेव्हा नाव होतं ‘पर्सनल होम पेज टूल्स’; स्वतःच्या घरगुती पानापुरती हत्यारं. एवढ्या गर्दीला जे पुरलं, ते आत्यांच्या नणंदा-जावांना पुरलं नसतं असं मानायला फार मोठा आत्मविश्वास लागतो. भाच्याकडे तो होता.

सर्व्हर कुठे ठेवायचा, यावरही एक रविवार गेला. क्लाउडवर, हे तर ठरलेलंच. मेघाशी उज्जैनचं नातं जुनं आहे. कालिदासाचा यक्ष मेघाला सांगतो, की वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी पाहिल्याशिवाय जाऊ नकोस. अॅमेझॉनचा मेघ मात्र २०१६ मध्ये आला तो मुंबईला येऊन उतरला. भाच्यानं मुंबईचा भाव पाहिला, मग सिंगापूरचा पाहिला, मग ‘सर्व्हरलेस’ नावाचा प्रकार पाहिला, ज्यात सर्व्हर असतोच पण तो आपला नसतो. आतोबांनी कागदावर तिन्हींचा वर्षाचा खर्च मांडला आणि त्यातून चादरीमागे किती रुपये जातात ते काढलं. साइटवरून चादर एकही विकली गेलेली नसल्यामुळे भागाकार शून्यानं करावा लागत होता.

एका शनिवारी भाचा वेगळ्याच तेजात आला. त्याला टोबियास ल्युट्के सापडला होता.

ही गोष्ट खरोखर ऐकण्यासारखी आहे आणि ऑनलाइन दुकानांच्या पुराणात तिला मानाचं पान आहे. जर्मनीहून कॅनडात, ओटावाला गेलेला हा तरुण. २००४ मध्ये जोडीदारांसोबत त्यानं स्नोबोर्ड विकायचं ऑनलाइन दुकान काढायचं ठरवलं, नाव स्नोडेव्हिल. स्नोबोर्ड म्हणजे बर्फावरून घसरायची फळी. बाजारात दुकानासाठी मिळणारी सॉफ्टवेअरं त्याला पसंत पडेनात. मग त्यानं नुकत्याच निघालेल्या रेल्सवर स्वतःच दुकान लिहिलं. फळ्या विकल्या गेल्या. पण लोक येऊन विचारू लागले, फळी राहू द्या, हे दुकान कशावर बांधलंय? २००६ मध्ये त्यानं दुकान बांधायचं सॉफ्टवेअरच विकायला काढलं. त्याचं नाव शॉपिफाय. फळ्यांचा धंदा मागे पडला आणि आज जगभरचे लाखो दुकानदार दर महिन्याला त्याला भाडं देतात.

“बघितलंस आत्या? त्यानं स्वतः लिहिलं म्हणून झालं.”

गोष्ट खरी, निष्कर्ष घसरलेला. ल्युट्केनं आधी सगळं हुडकून पाहिलं होतं, मग काही महिन्यांत लिहून संपवलं आणि त्यावर खरोखर माल विकला. कॅनडातला हिवाळा कोणाच्या तक्त्यासाठी थांबत नाही. बर्फ वितळल्यावर फळी घेणार कोण? या सगळ्या पुतळ्यांच्या कथा नीट ऐकल्या तर त्यांत हीच एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. जँगोवाल्यांच्या डोक्यावर संपादक होता, रेल्सवाल्याच्या डोक्यावर गिऱ्हाईक, ल्युट्केच्या डोक्यावर हिवाळा. फ्रेमवर्क घडवणारे सगळे घाईत होते. निवांत आहेत ते फक्त निवडणारे.

त्याहून जुनी एक गोष्ट आहे, ती भाच्यानं वाचलीच नाही. १९९५ मध्ये पिएर ओमिड्यारनं सुट्टीच्या दोन-तीन दिवसांत लिलावाची एक साधी साइट लिहून टाकली. पुढे तिचंच ईबे झालं. तिच्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून जी सांगतात ती होती एक मोडका लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. ओमिड्यारनं घेणाऱ्याला कळवून विचारलं, की मोडका आहे हे तुमच्या लक्षात आलंय ना? तो म्हणाला, मी मोडके लेझर पॉइंटरच गोळा करतो. तेव्हा जँगो नव्हतं, रेल्स नव्हतं, रिअॅक्ट तर नव्हतंच. विकणारा होता, घेणारा होता आणि एक मोडकी वस्तू होती. आतोबांना ही गोष्ट फार आवडली असती. त्यांच्या माळ्यावर पुष्कळ मोडक्या वस्तू आहेत.

मग आला स्थलांतराचा प्रश्न. समजा आज एक निवडलं आणि उद्या ते बंद पडलं तर? शंका रास्त आहे. मॅजेंटो नावाचं दुकानांसाठीचंच सॉफ्टवेअर २००८ मध्ये निघालं आणि भारतातल्या कित्येक एजन्सींनी त्यावर पोट भरलं. २०१८ मध्ये अॅडोबीनं ते विकत घेतलं आणि जून २०२० मध्ये पहिल्या आवृत्तीची देखभाल थांबवली. दुकानदारांना सांगण्यात आलं, दुसऱ्या आवृत्तीवर या. येणं म्हणजे जवळजवळ नवं दुकान बांधणं. २०१६ च्या मार्चमध्ये तर याहून गमतीचा प्रकार झाला. लेफ्ट-पॅड नावाचा अकरा ओळींचा एक तुकडा, ज्याचं काम मजकुराच्या डाव्या बाजूला जागा भरणं एवढंच, त्याच्या लेखकानं भांडणातून सार्वजनिक भांडारातून काढून घेतला आणि जगभरच्या मोठमोठ्या प्रकल्पांचं बांधकाम काही तास अडलं. कितीजणांचा डोलारा त्या अकरा ओळींवर उभा होता, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

स्थलांतराच्या बाबतीत उज्जैनला बोलायचा अधिकार आहे. राणोजी शिंद्यांच्या काळापासून ही शिंद्यांची राजधानी. १८१० च्या सुमारास दौलतरावांनी ती उचलून ग्वाल्हेरला नेली. दप्तर गेलं, दरबार गेला, फौज गेली. पण त्याच दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई यांनी पुढे उज्जैनच्या भर बाजारात गोपाळ मंदिर बांधलं, ते अजून उभं आहे, रोज उघडतं आणि समोरच्या छत्री चौकाला गर्दी पुरवतं. सोडून दिलेल्या आवृत्तीची एवढी काळजी अॅडोबीनं घेतल्याचं ऐकिवात नाही.

शेवटी निर्णय झाला तो तक्त्यातून नाही. आत्यांनी तारीख दिली. “दिवाळीच्या आधी पंधरा दिवस. नाहीतर मी आपली व्हॉट्सअॅपवर बरी.” संपादक, गिऱ्हाईक आणि हिवाळा यांची जागा आत्यांनी एकटीनं घेतल्यावर भाच्याचं डोकं भराभर चालायला लागलं. शॉपिफाय की वूकॉमर्स, एवढे दोनच उरले. शॉपिफाय म्हणजे भाड्याची जागा: झाडलोट मालकाची, भाडं महिन्याच्या महिन्याला आपलं. वूकॉमर्स फुकट, वर्डप्रेसवर बसणारं. २०११ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनच्या वूथीम्सनं ते काढलं आणि २०१५ मध्ये वर्डप्रेसशी जोडलेल्या ऑटोमॅटिक कंपनीनं विकत घेतलं. जगातल्या दर दहा वेबसाइटींपैकी चार वर्डप्रेसवर आहेत, त्यामुळे काही अडलं तर अडलेला माणूस आपण एकटेच नसतो. आतोबांनी ‘फुकट’ शब्द ऐकून कौल दिला. होस्टिंग, डोमेन आणि वरची प्लगिनं यांचे पैसे वेगळे लागतात, हे त्यांना नंतर कळलं. बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला खरं तर ते आधी कळायला हवं होतं.

पुतळ्या गप्प झाल्या आणि भाचा बसला. तेव्हा कळलं, की दुकानाचं काम आता सुरू होतंय.

पहिल्यांदा अडलं ते मालाच्या नोंदीवर. सॉफ्टवेअर विचारतं: वस्तूचं नाव काय, भाव किती, नग किती? साबण असेल तर ठीक आहे; एक फोटो, नग दोनशे. बाटिकचं तसं नाही. कारागीर गरम मेण ब्रशनं किंवा कलमानं कापडावर चढवतो, कापड रंगात बुडवतो, मेणाखालचा भाग कोरा राहतो. मेण थंड होऊन तडकतं, त्या तड्यांतून रंग आत शिरतो आणि केसासारख्या बारीक रेषा उमटतात. मग उकळत्या पाण्यात मेण काढून टाकायचं. त्या रेषा कोणी काढत नाही, त्या पडतात. म्हणून दोन चादरी सारख्या होत नाहीत. ‘उज्जैन बाटिक प्रिंट’ला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वूकॉमर्सच्या दृष्टीनं मात्र या सगळ्याचा अर्थ एकच: दर चादर ही वेगळी वस्तू, आणि नग प्रत्येकी एक.

“एकच फोटो लावू आणि खाली लिहू, प्रत्यक्ष नक्षीत थोडा फरक संभवतो,” भाच्यानं सुचवलं.

“सदाशिव पेठेत माल जायचाय,” आत्या म्हणाल्या. “जी दाखवली तीच पाठवायची.”

मग गच्चीवर फोटोंचं सत्र झालं. चादरीचं एक टोक आतोबांच्या हातात, दुसरं भाच्याच्या, आणि आत्या मोबाइल घेऊन समोर. ऊन चढलं की मरून लाल दिसायचा, ढग आला की निळा काळा दिसायचा. वारा आला की फोटोत आतोबांचे पाय यायचे. चाळीस चादरी होत्या. बत्तीस फ्रेमवर्कांपैकी एकानंही गच्चीवर येऊन टोक धरलं नाही.

नंतर नावं. मालाची यादी फ्रीगंजातल्या डीटीपीवाल्यानं पूर्वीच टाइप करून दिली होती, ती कृतिदेवमध्ये. मध्य प्रदेशात या फाँटनं सरकारी कागदांवर वर्षानुवर्षं राज्य केलं आहे. तो युनिकोड नाही. आतून इंग्रजी अक्षरंच असतात, वर देवनागरीचा मुखवटा. भाच्यानं यादी उचलून साइटवर चिकटवली, मुखवटा गळाला, आणि जिथे जिथे ‘चादर’ होती तिथे तिथे इंग्रजी ‘पी-के-एन-जे’ उमटलं. आत्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, हा कुठला नवीन ब्रँड?

पैसे खात्यात आणणाऱ्या पेमेंट गेटवेनं आधी पानं मागितली: अटी, परतीचं धोरण, गोपनीयता, संपर्क. ही पानं जगात कोणी वाचत नाही आणि बहुतेकजण ती दुसऱ्याची पाहूनच लिहितात. भाच्यानंही पाहूनच लिहिली. आतोबा मात्र छापील मजकूर पूर्ण वाचणाऱ्यांपैकी. त्यांना परतीच्या धोरणात सहावं कलम सापडलं, की माल परत करताना तळवे झिजलेले नसावेत. मूळ दुकान बुटांचं होतं.

पत्त्याचा फॉर्म तेवढा विनातक्रार झाला. ‘गोपाळ मंदिराच्या मागची गल्ली, पोहेवाल्यासमोर, वरचा मजला’ असे पत्ते भारतीय माणूस लिहिणारच. कुरिअरवाला ते वाचत नाही, तो सहा आकडे वाचतो. ही पिनकोडची सोय डाकतार खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी घडवली आणि १५ ऑगस्ट १९७२ ला ती सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. उज्जैनचं मुख्य कार्यालय ४५६००१. पन्नासहून जास्त वर्षं झाली, देशातली बहुतेक ऑनलाइन दुकानं याच सहा आकड्यांवर उभी आहेत, आणि अजून कोणी दुसरी आवृत्ती काढून पहिलीची देखभाल थांबवलेली नाही. एका मराठी माणसानं दिलेलं हे फ्रेमवर्क भाच्याच्या तक्त्यात नव्हतं.

राहता राहिली एक जागा. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे अशा दुकानाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण. आत्या म्हणाल्या, मला वेळ नाही. भाचा म्हणाला, मी इंदूरला असतो. आतोबांनी घसा साफ केला. निवृत्तीनंतर त्यांना एवढं मोठं पद पहिल्यांदाच मिळत होतं.

साइट धनत्रयोदशीच्या आठवडाभर आधी सुरू झाली, म्हणजे पंधरा दिवसांतले सात उरवून. पहिली तक्रार तिसऱ्या दिवशी आली, आणि ती भाच्याच्या आईची होती: साइटवर घरच्या माणसांनाही तोच भाव का दिसतो? वूकॉमर्समध्ये कूपनची सोय पहिल्यापासून असते, भाच्यानं ती दोन मिनिटांत चालू केली असती. पण आतोबांनी त्याला थांबवलं. प्रकरण वहिनींचं होतं, सवलत एकीला दिली तर यादी मोठी होती. त्यांनी नियमाप्रमाणे ४८ तासांच्या आत तक्रारीची पोच पाठवली. निवारणाला महिना आहे.